दोन ठोक्यांमधली जागा

इंजिन पसंत करणं म्हणजे स्थळ बघण्यासारखं असतं, असं अण्णा म्हणायचे. रंग बघा, घराणं बघा, वजन बघा, हरकत नाही. पण पुढे जन्मभर ऐकायचा असतो तो आवाज, तेव्हा आधी त्याला बोलतं करा.

आता असं म्हणणाऱ्या माणसाच्या कानांची अवस्था काय होती, ते ऐका. अण्णा सुतार. उभी हयात दारं-खिडक्या करण्यात गेली, आणि रंध्याच्या नि करवतीच्या आवाजात कान झिजत गेले. आधी पाखरं गेली, मग दारावरची घंटा, मग लहान मुलांची बडबड. लेकीचा आवाज मुळातच बारीक. तो गेल्या वर्षी गेला. डॉक्टरांनी कानात घालायचं यंत्र दिलं, पण त्यानं गोंगाट तेवढा मोठा झाला, शब्द काही उमटले नाहीत. शिल्लक राहिले ते खालच्या पट्टीतले जाड, ढोबळ आवाज. तेही थंडी पडेपर्यंत टिकतील असं वाटत नाही, हे डॉक्टरांनी लेकीला खोलीबाहेर नेऊन हळूच सांगितलं. हळूच सांगायची खरं तर काही गरज नव्हती.

लेकीचं चष्म्याचं दुकान होतं. दिवसभर काचा घासायच्या, केसभर फरक मोजायचा, आणि मोजल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही, असा तिचा खाक्या. तरीही तिने मनाशी एक हट्ट धरला होता. घरामागच्या शेडमध्ये अण्णांनी स्वतःच्या हातांनी एक लाकडी होडी बांधली होती. मधासारखं पॉलिश, एकसारख्या फळ्या, तळातून मागे गेलेली पंख्याच्या दांड्याची नळी, आणि मधोमध इंजिन बसवायला दोन जाड तुळया. सगळं तयार होतं, इंजिन तेवढं नव्हतं. कान पुरते मिटण्याआधी अण्णांनी आपल्या होडीची चाल ऐकली पाहिजे, एवढंच तिला हवं होतं. देवाजवळ तिने या वर्षात दुसरं काही मागितलंच नाही.

नवं इंजिन चालणार नव्हतं. नवी इंजिनं झपाट्यानं फिरतात आणि बारीक आवाजात किंचाळतात. ते अण्णांपर्यंत पोहोचलंच नसतं. जुनंच हवं, संथ, भारदस्त, खर्जातलं. तिने तुळयांच्या मापाचा पुठ्ठा कापला. बोल्टांची भोकं, चाकाला लागणारी जागा, दांड्याचा उतार, सगळं त्यावर आखलं. नाकावर चष्मा बसतो तसं इंजिन होडीत बसलं पाहिजे, असं म्हणत तो पुठ्ठा काखेत मारून बाप-लेक सुट्टीच्या दिवशी बाहेर पडू लागले. जावई भट्टीवर पाव भाजायचा. तो गमतीनं म्हणाला की माझ्या वेळी एवढी चौकशी केली नव्हती. अण्णांना ऐकू गेलं नाही, पण जावयाचं तोंड बघून ते आपले हसले.

अण्णांची पारखायची तऱ्हा वेगळी होती. शिसवीची हातभर काठी घ्यायची, एक टोक दाढांमध्ये धरायचं, दुसरं चालत्या इंजिनावर टेकवायचं. कान गेले तरी हाडं ऐकतात. लाकडाच्या गिरणीतले जुने लोक यंत्राचं दुखणं असंच ओळखायचे.

पहिलं इंजिन चार सिलिंडरचं, हिरव्या रंगाचं, एका प्रवासी लाँचवरून उतरवलेलं. शिवणयंत्रासारखं गोड चालायचं. अण्णांनी काठी टेकवली आणि नाक मुरडलं. मधमाश्यांचं पोळं आहे, दातांना गुदगुल्या होतात, म्हणाले. पुठ्ठाही बसला नाही. दुसरं दोन सिलिंडरचं डिझेल. ते सुरू होताच खिडक्यांच्या काचा थडथडल्या, काळा धूर छताला लागला. अण्णांना ते काठीशिवायच ऐकू आलं. हे बोलणं नाही, हे भांडण आहे, असा निकाल त्यांनी दिला. शिवाय वजन इतकं की होडीचा मागचा भाग पाण्यात बसला असता आणि फळ्यांचे सांधे सुटले असते.

तिसरं मिळालं भंगारवाल्याकडे. माणूस इतका बोलका की सगळे त्याला पोपट म्हणायचे, आणि तोही त्या नावाला ओ द्यायचा. लोखंडी खाटा, फुटके टब, गाड्यांची दारं यांच्यामधून वाट काढत, तोंडाचा पट्टा जराही न थांबवता त्याने त्यांना आत नेलं आणि एक ताडपत्री ओढली.

एकच सिलिंडर. पुढे जात्याएवढं ओतीव चाक. तेलाच्या पितळी वाट्या. एका बाजूला हवा आत ओढायचं पितळी तोंड, बाहेरच्या अंगाला पसरत गेलेलं, फुललेल्या फुलासारखं. बनवणाऱ्याच्या नावाची पाटी असायची तिथे दोन रिकामी भोकं होती. कंपनी कुठली, वर्ष कुठलं, पोपटाला काही ठाऊक नव्हतं. चष्मेवालीने पुठ्ठा तळाशी धरला. भोकाला भोक लागलं. तिने पुठ्ठा काढून पुन्हा धरला, उलटा करून धरला. केसाचाही फरक नव्हता.

पोपटाने पेट्रोल ओतलं, चाकाला झोका दिला. इंजिन एकदा शिंकलं आणि चालू लागलं.

ठक्. मग मोठी पोकळी. ठक्.

एवढं संथ इंजिन तिने कधी पाहिलं नव्हतं. आता बंद पडेल, आता पडेल असं वाटेपर्यंत पुढचा ठोका यायचा, गवयाने समेवर यावं तसा. अण्णांनी काठी दातांत धरली. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजाडत गेलं. दोन ठोक्यांच्या मधे किती जागा आहे बघ, ते म्हणाले, एक शब्द बसेल.

हवेच्या तोंडाशी कुठे गळती आहे का ते बघायला ती वाकली आणि स्वतःशीच पुटपुटली, "अण्णा, इथून हवा जाते."

अण्णांनी झटकन मान वर केली. काठी दातांतून पडली.

"काय म्हणालीस? इथून हवा जाते?"

ती त्यांच्याकडे बघतच राहिली. मग तिने ती काठी उचलून त्यांच्या हातात दिली, त्यांनी ती दातांत धरली, आणि ती त्या पितळी फुलाशी तोंड नेऊन म्हणाली, "अण्णा, ऐकू येतंय का?"

म्हातारा ढसाढसा रडायला लागला. रडता रडता हसायला लागला. मान डोलावत राहिला. येतंय, येतंय, तसंच बोल, म्हणायला लागला. त्यात नवल काही नाही, असं तिने स्वतःला समजावलं. आवाज धातूत शिरला, धातूतून काठीत, काठीतून हाडात. पण ती त्या तोंडावरून पुन्हा पुन्हा हात फिरवत राहिली. देवाची करणी आणि नारळात पाणी म्हणतात ते यालाच. होडीचा आवाज मागायला गेली होती, आणि पदरात पडलं ते हे. पोपटालाही राहवलं नाही. त्याने तोंड लावून विचारलं, "काका, चहा घेणार का?" अण्णा म्हणाले, साखर जास्त. तिघंही पोटभर हसली.

इंजिन त्याच दिवशी हातगाडीवरून घरी आलं.

मग सुरू झाले सुखाचे दिवस. इंजिन तुळयांवर बसवलं, दांडा जोडला, मागे तीन पात्यांचा पंखा लावला. होडी अजून शेडमध्येच लाकडी घोड्याच्या टेकूवर होती, पण दुकान बंद करून आली की लेक आधी चाकाला झोका द्यायची. अण्णा काठी धरून बसायचे आणि ती बोलत सुटायची. वर्षभराचं साठलेलं होतं. कोण गिऱ्हाईक चष्मा कपाळावर ठेवून चष्मा हरवला म्हणून भांडायला आलं, शेजारणीने पडदे कुठल्या रंगाचे केले, सगळं. सांधे बघायला ते मधेच उठले की ती म्हणायची, थांबा; गंमत सांगून झाली की म्हणायची, हसा. दोन ठोक्यांच्या मधे एक-एक शब्द ठेवत जायचा. सवय झाल्यावर ती त्याच चालीत बोलू लागली. अण्णा तरुण दिसू लागले. रंधा हातात घेऊन गुणगुणायला लागले.

एकदा जेवायच्या वेळी जावयाने सहज विचारलं की बापाशी भांडलीस की काय. ती म्हणाली, भलतंच. मग सारखं 'ते, ते' काय करतेस, तो म्हणाला. 'ते' जेवले का, 'ते' कुठे आहेत. आठवडाभर तुझ्या तोंडून नाव नाही त्यांचं.

तिने नाव घ्यायला तोंड उघडलं. जीभ टाळूला लागली, ओठ हलले, श्वास बाहेर आला. आवाज आला नाही. तिने पाणी पिऊन पाहिलं. 'भाजी' म्हणता आलं, 'मीठ' म्हणता आलं. 'अण्णा' म्हणता येईना. बापाला ऐकूच येत नव्हतं, म्हणून घरात हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. तिच्यासुद्धा.

मोजणारी बाई ती. दुकानात एकटी असताना तिने एकेक शब्द म्हणून पाहिला. 'हवा' नाही. 'पडदे' नाही. 'हसा' नाही. 'थांबा' नाही. इंजिनाच्या दोन ठोक्यांमध्ये जे ठेवलं नव्हतं ते सगळं धडधाकट होतं. घशाच्या डॉक्टरांनी घसा बघून उत्तम म्हणून सांगितलं.

ती पोपटाकडे गेली. तेलाची एक पितळी वाटी बदलून हवी आहे, असं निमित्त काढलं. पोपट नेहमीसारखा सुरू झाला. बसा ताई, उन्हातून आलात, आधी मस्तपैकी... आणि तो अडकला. तोंड उघडंच राहिलं. मग ओशाळून हसला आणि अंगठा नि बोट ओठांशी नेऊन कप उचलल्याची खूण केली. "हा एक शब्द बघा, मेला जिभेवर येतो आणि पुढे येत नाही. वय झालं."

इंजिन आणलं कुठून, तिने विचारलं.

तळ्याकाठच्या एका घरातून, तो म्हणाला. अंगणातच होतं, पारावर बसवावं तसं. घरात माणसं भरपूर, म्हाताऱ्यांपासून लहान पोरांपर्यंत. एवढा सोपा व्यवहार मी आयुष्यात केला नाही. कुणी घासाघीस केली नाही. "घासाघीस सोडा ताई, कुणी तोंडच उघडलं नाही. बोटांनी दाखवायचे, मान हलवायची. पोरं पडली तरी रडत नव्हती. मी म्हटलं, काय वळण आहे घराला."

घरी येताना तिने ठरवलं की हे बंद करायचं. शेडमध्ये पाऊल टाकलं तर अण्णा काठी पुसून तयार बसलेले. लहान मूल जत्रेला निघावं तसा चेहरा. आता सांगा, काय करणार? शब्दांचं काय एवढं, तिने मनाला समजावलं; रोज हजार वाया जातात. ज्याच्यासाठी बोलायला शिकले, त्यालाच शब्द गेले तर गेले कुठे? तेव्हापासून ती निवडून बोलू लागली. जे शब्द पुढे लागणार नाहीत ते द्यायचे. पाखरांची नावं दिली. लहानपणी शिकलेलं एक बडबडगीत दिलं. रंगांमधले जांभळा आणि करडा दिले. अण्णा खूश व्हायचे, आणि ते खूश झाले की तिला आपण काही गमावलं असं वाटायचंच नाही. खरंच नाही वाटायचं. देणाऱ्याला हलकं वाटतं, तसं तिला वाटत होतं.

होडी पाण्यात सोडायचा दिवस जवळ आला. आदल्या संध्याकाळी अण्णा तिला म्हणाले, "आज दुपारी किती छान बोललीस, बाळ. आईबद्दल कधी एवढं बोलली नव्हतीस."

दुपारी ती दुकानात होती. आईबद्दल ती इंजिनापाशी एक अक्षर बोलली नव्हती.

तिने चाकाला झोका दिला, अण्णांच्या हातून काठी घेतली आणि आपल्या दाढांमध्ये धरली. दातांत लोखंडाची चव आली. ठक्. पोकळी. ठक्. पोकळीत काही नव्हतं. तिने मनगटावरच्या घड्याळाकडे बघत ठोके मोजले. पोपटाच्या आवारात मोजले होते त्याच्या निम्मे भरले. इतक्या संथ गतीला कुठलंही इंजिन चालू राहू शकत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. दोन ठोक्यांमधली जागा वाढली होती. आता तिथे एक शब्द नाही, अख्खं वाक्य बसलं असतं.

अण्णा तिच्याकडे कौतुकानं बघत होते. आता कळलं ना, असा तो चेहरा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन स्वच्छ होतं आणि तळं काचेसारखं. होडी घसरगुंडीवरून खाली गेली, एकदा डोलली आणि पाण्यावर अशी टेकली की जणू तिथलीच. एक फळी झिरपली नाही. जावयाने गरम पाव आणले होते, पोपट मुद्दाम दुकान बंद करून आला होता. अण्णांचे डोळे चमकत होते. पहिली फेरी मी एकटाच मारणार, त्यांनी जाहीर केलं, बुडालो तर एकच माणूस भिजेल. तळ्यामधल्या खांबाला वळसा आणि परत. लेक सोबत येते म्हणून खुणेनं सांगू लागली, तर ते म्हणाले, "अगं, तू आहेसच की."

इंजिन पहिल्या झोक्याला चालू झालं.

होडी निघाली. किती सुंदर निघाली म्हणून सांगू. पाण्यावर एक सरळ रेघ उमटत गेली. अण्णा ताठ बसले होते, एक हात सुकाणूवर, काठी दातांत. काठावर जावई टाळ्या पिटत होता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. जे मागितलं होतं ते झालं होतं. अण्णा आपल्या होडीची चाल ऐकत होते.

खांबापाशी त्यांनी इंजिन मंद केलं.

तळ्यावर दुसरा आवाज नव्हता. ठोका इथपर्यंत स्पष्ट येत होता. ठक्. मग कितीतरी वेळ काही नाही. ठक्.

आता वळतील, जावई म्हणाला.

अण्णा वळले नाहीत. मान खाली घालून ऐकत बसले. मधेच हसले. मधेच कोणाला तरी होकार दिला.

तिने हात हलवला. हाक मारायला तिच्याकडे 'अण्णा' नव्हतं, 'थांबा' नव्हतं.

ठक्.

आणि पाण्यावरून तिचा आवाज आला. बारीक, स्वच्छ, अगदी तिचाच.

"घरी चला."

हे दोन शब्द तिने इंजिनाला कधीच दिले नव्हते.

"आलो गं बाळ," अण्णा म्हणाले आणि त्यांनी सुकाणू फिरवलं.

होडी वळली. तिचं नाक काठाकडे नव्हतं. समोर तळ्याचा लांबचा भाग होता, जिथे धुकं अजून विरलं नव्हतं.

"अगं, तू इकडून बोलावतेयस, आणि ते तिकडे कुठे निघाले?" जावई पाण्याकडे बघत म्हणाला. मग त्याने तिच्याकडे पाहिलं.

ठक्.

"घरी चला," आवाज आला.

तिने दोन्ही हातांनी आपलं तोंड घट्ट दाबून धरलं होतं.